कृपया हात लावा

तीन दिवसांची तात्पुरती जोडणी मीच दिली होती
आल्तिनोच्या चढावरच्या त्या जुन्या इमारतीला.
पोरांच्या मागण्या: अंकल, इथं चार पॉइंट, तिथं सहा,
आणि ह्या कोपऱ्यात काहीतरी, अजून ठरलं नाही.
शेवटच्या दिवशी सहाला मीटर उतरवायचा होता.
मी साडेचारलाच आलो, इस्त्रीचा शर्ट घालून.
बायको म्हणाली, वायर सोडवायला एवढा नट्टापट्टा?

आत शिरल्या शिरल्या एक खेकडा अंगावर आला,
पत्र्याचा, आठ मोटारींचा.
वळताना टेबलावरून पडला आणि पाय झाडत राहिला.
त्याचा धनी, एक लुकडा मुलगा, म्हणाला,
सकाळपासून चौथ्यांदा.
पुढं आदोळी मांडलेली. बसून नारळ खवायचा,
की समोरच्या भिंतीवर चांदण्या सांडत.
खोबरं कोण नेणार, ते कुठं लिहिलं नव्हतं.

लिहिलं होतं ते एवढंच, जागोजागी:
कृपया हात लावा.

मी थबकलो.
छत्तीस वर्षं मी खांबाखांबावर
याच्या नेमकं उलट ठोकत आलो.
कवटी, दोन हाडं, लाल अक्षरं,
म्हशीलाही कळावीत इतकी ठळक.
गुणो वेळीपला वाचता येत नव्हतं, असं नाही.
लाइन बंद आहे, असं त्याला सबस्टेशनातून सांगितलेलं.
सांगे. चौऱ्याण्णवचा ऑगस्ट.

कोपऱ्यात व्हेनिशा फुर्तादोची खिडकी उभी होती,
लोटलीच्या एका पाडलेल्या घराची,
काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, नखासारखी पातळ.
बोट टेकलं की मागे दिवा लागे,
आणि त्या घरातलं कुणी सांगे, इथून काय दिसायचं.
माझ्यापुढच्या बाईनं हात लावला,
म्हातारीचा आवाज आला: पोदेर आयलो, धांव!
तिच्या मुलीनं लावला:
पेद्रूची गाय आमच्या मिरसांगेंत!
सगळे हसले.

मी हात पुढं केला, उलटा.
असा का, अंकल?
तळव्यानं धरलं तर मूठ मिटते, बाय, सुटत नाही.
उलट्या हाताला झटका बसला तर हात मागे येतो.
ह्यात पाच व्होल्ट आहेत, अंकल.
पाच तर पाच.

काहीच लागलं नाही.
मग सुलटा हात. मग करंगळी.
मग तो अंगठा, ज्याला ऊनगार काही कळत नाही.
ती लॅपटॉपवर वाकली, तिचा चेहरा उतरला.
म्हणाली, सेन्सरला तुम्ही दिसतच नाही.
मागे रांग खोळंबलेली.

मी हाताकडं पाहिलं, मग पायांकडं.
रबरी तळाचे बूट. खात्याचे नव्हेत, पण सवय खात्याचीच:
जमिनीशी नातं तोडून उभं राहायचं.
हेच शिकलो, नव्या पोरांना हेच शिकवलं,
गुणोला तर ओरडून.

बूट काढून बघू का? मी विचारलं.
तिला कळलं नाही का ते. मला कळलं होतं.
मोज्यांसकट काढले. लाल कोबा गार होता,
पायांना सगळा एकदम लागला.
उलटा हात टेकवला.

दिवा लागला. दुधाळ, थोडा पिवळा.
कुणी पुरुष आधी खोकला,
मग म्हणाला:
ह्या जनेलांतल्यान कांय दिसना. आंबो आड येता.
एवढंच. विझला.

मी हसलो की काय, आठवत नाही.
नाक पुसलं, ते आठवतं.

माझ्यामागं सातआठ वर्षांचा एक पोरगा होता.
त्यानं आधी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या,
मग हात उलटा करून तावदानाकडं नेला,
सावकाश, जसा मी नेला होता.
तसा नाही रे, व्हेनिशा म्हणाली.
असू दे, मी म्हटलं.

सहा वाजून गेले होते.
बूट हातात घेऊन मी मेन स्विचखाली उभा राहिलो,
अजून कोण कोण यायचंय ते बघत.